जुना बीपी की गरोदरपणातला?

गरोदर बाईचा बीपी १५०/९६ आला. हा जुनाट रक्तदाब की गरोदरपणामुळे वाढलेला? यंत्र ते सांगत नाही. १४०/९० ची मर्यादा दोन्हींना सारखीच, पुन्हा मोजून खात्री करायची तीही सारखीच. फरक दिवस मोजल्यावर कळतो. दिवस राहण्यापूर्वी किंवा २० आठवड्यांच्या आत बीपी जास्त आढळला तर तो जुना. आधी नीट होता आणि २० आठवड्यांनंतर चढला, तर गरोदरपणातला.

प्रसविकांची (बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांची) फसगत इथेच होते. मधल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी आपसूक थोडा उतरतो. पहिली तपासणीच पाचव्या महिन्यात झाली, तर जुना बीपीही नॉर्मल दिसू शकतो. मग आठव्यात तो चढला की वहीत 'गरोदरपणातला' अशी नोंद होते. म्हणून प्रसविकांच्या प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ पहिल्या तीन महिन्यांतल्या मोजणीवर जावा, असं माझं मत आहे. पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि बोलणं बंद (सगळ्यात अवघड हेच!). जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो.

जुना बीपी असलेल्या बाईच्या गोळ्या आधीपासून चालू असू शकतात. त्यांत एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल तर ती बाळाला घातक. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. गोळ्या मनानेच बंद करणंही तितकंच वाईट.

धोक्याच्या खुणा मात्र दोघींना त्याच: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटात दुखणं. १६०/११० च्या घरात आकडा गेला की थेट रुग्णालय, मग बीपी जुना असो की नवा.

बाळंतपणानंतर साधारण १२ आठवड्यांत गरोदरपणातला बीपी उतरतो. तेवढ्यातही उतरला नाही, तर तो जुनाट धरून पुढचे उपचार लागतात. पण प्रसविकेच्या भेटी बहुधा सहा आठवड्यांतच संपतात, आणि आरोग्यसेविकेच्या बीपीच्या यादीत ही बाई अजून आलेलीच नसते. दोघींचं प्रशिक्षण वेगवेगळं झालं की ती नेमकी मधे निसटते. नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत कधी आणि कोणी चढवायचं, हे दोघींना एकत्र बसवूनच शिकवायला हवं. बीपी उतरलेल्या बाईचंही नाव चढवायचं. पुढे तिला कायमचा रक्तदाब जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा तरी तिचा बीपी बघायचा.