मसाला मांसात जातो तरी किती?

पोर्कला रात्रभर मसाला लावून ठेवला की तो आतपर्यंत मुरतो, असं आपण सहज म्हणतो. दुसऱ्या दिवशी एखादा जाडसर तुकडा मधोमध कापून पाहा. मसाल्याचा लाल रंग कडेपासून काही मिलिमीटरच सरकलेला दिसेल. मांसात सुमारे 75 टक्के पाणी असतं. मिरचीचा तिखटपणा, लवंग-दालचिनीचा वास हे मात्र मुख्यतः तेलात विरघळणारे. मीठ तेवढं पाण्यात विरघळून हळूहळू खोल जातं. तिथली प्रथिनं त्यामुळे थोडी सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. बाकीचं वाटण ऐनवेळी लावलं तरी निभावतं, मीठ आदल्या रात्रीच लागलेलं बरं.

मग चव येते कुठून? गोव्याच्या विंदालूत तुकडे लहान असतात, म्हणजे मसाला लागायला पृष्ठभाग जास्त. काश्मिरी मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं, तेही शक्यतो माडाच्या सुरेच्या. जनावर कापल्यावर मांसाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 5.6च्या आसपास उतरतो. तो 5.2च्या जवळ आला की प्रथिनं सर्वांत कमी पाणी धरतात. व्हिनेगर त्याला त्याहूनही खाली नेतं, आणि तंतू पुन्हा फुगू लागतात. तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, कोलॅजेन, तेही आम्लात फुगतं, मग मंद आचेवर त्याचं जिलेटिन लवकर होतं. बिनचरबीचा तुकडा मात्र कडक व्हिनेगरमध्ये फार वेळ ठेवला तर बाहेरून पिठूळ होतो.

खरं काम करते चरबी. ती वितळली की मिरची-मसाल्याचा अर्क तिच्यात उतरतो आणि ती प्रत्येक तुकड्याला माखते. चरबी काढून केलेलं विंदालू मला तरी अर्धंच वाटतं.

मेक्सिकोच्या युकातानमधल्या कोचिनिता पिबिलमध्ये खांद्याचे मोठाले तुकडे असतात. त्यांना आंबट संत्र्याचा रस आणि आचिओते, म्हणजे आपल्याकडच्या शेंदरीच्या बियांचं वाटण लावून, केळीच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात तासन् तास शिजवतात. एवढ्या जाड मांसात मसाला शिरत नाहीच. म्हणून ते सुटं होईपर्यंत शिजवायचं, मग पिंजून त्याच रसात कालवायचं. मसाला आत जातो तो शिजून झाल्यावर! जमैकाच्या जर्कमध्ये मांसाला खोल चिरा पाडून ऑलस्पाइस आणि झणझणीत स्कॉच बॉनेट मिरचीचं वाटण भरतात.

कोरियात मांसाचे पातळ काप करतात आणि मसाल्यात बऱ्याचदा किसलेलं नाशपती घालतात. त्यातलं विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं. किवी आणि ताज्या अननसातली विकरं याहून जहाल. रात्रभर ठेवली तर कापांचा लगदा होतो. डबाबंद अननस घातला तर यातलं काहीच घडत नाही, कारण डबा भरताना दिलेल्या उष्णतेतच विकर निकामी झालेलं असतं.