शुक्राणूंची कुपी वाहणारा कोकणचा मासा

पावसाळ्यात मत्स्यबीज केंद्रात पिकलेल्या नर रोहूचं पोट हलकेच दाबलं, की दुधाळ वीर्य आपोआप ओघळतं. रोहूचं फलन होतं उघड्या पाण्यात, त्यामुळे नराला वेगळं मैथुनांग लागतच नाही. पोटात दोन लांबट वृषणं, त्यांच्या नळ्या आणि बाहेर एक छिद्र, एवढ्यावर काम भागतं. मोसमात ही वृषणं चांगलीच फुगतात, नंतर आक्रसतात.

वीर्यात असेपर्यंत हे शुक्राणू निश्चल असतात. गोड्या पाण्यात क्षार कमी; त्याचा स्पर्श झाला की ते धावू लागतात आणि एखाद-दोन मिनिटांतच दमून थांबतात. तेवढ्यात अंड्यावरचं सूक्ष्म छिद्र गाठायचं. आत शिरायची वाट तयारच असल्याने, अंड्याचं कवच विरघळवणारी टोपी सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूला असते तशी इथे नसते. मागूरचं फलनही बाहेरच होतं, पण त्याचा नर पोट दाबून वीर्य देत नाही. बीज केंद्रात नराला कापून वृषणं काढावी लागतात, ती मिठाच्या पाण्यात कुस्करून अंड्यांवर घालतात.

डासांच्या अळ्या खायला सोडतात त्या गप्पीची तऱ्हा निराळी. नर वयात येताना त्याच्या गुदपराचे, म्हणजे गुदद्वाराच्या मागच्या पराचे, तिसरा, चौथा आणि पाचवा हे काटे लांबतात आणि त्यांचं पुढे वळणारं मैथुनांग बनतं. शुक्राणू सुटे नसतात, त्यांचे गठ्ठे असतात. मादी ते महिनोन्‌महिने साठवते. म्हणूनच एकटी मादी टाकीत ठेवली तरी पुन्हा पुन्हा पिल्लं देते.

पण मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत आणि गोड्या पाण्यात राहणारा, जेमतेम २-३ सेंटिमीटरचा पारदर्शक मासा. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतातून त्याचं वर्णन केलं. होरा आणि सेटना या मत्स्यशास्त्रज्ञांवरून त्याला 'होराइक्थिस सेटनाय' हे नाव मिळालं. याच्या नराचं गुदपरही मैथुनांग झालेलं आहे, पण तो त्यातून नुसतं वीर्य देत नाही. शुक्राणू आधीच एका कुपीत बंद झालेले असतात. कुपीच्या टोकाला उलटे काटे असतात, आणि नर ती मादीच्या जननरंध्राजवळ रोवतो. मादीला उजवं श्रोणिपर, म्हणजे पोटाखालच्या जोडीतलं उजवं पर, नसतंच. कुपी रोवायला त्या बाजूला जागा मोकळी राहावी म्हणूनच ते गेलं असावं. एवढं सगळं करूनही ती पिल्लं देत नाही. फलन पोटात होतं, नंतर ती अंडी घालते.

आता हा मासा 'ओरायझियस' या प्रजातीत मोडतो, जपानच्या मेडाकाच्या पंक्तीला. मेडाकाचं फलन मात्र बाहेर होतं. अंडी सुटताना नर आपल्या रुंद गुदपराने आणि पृष्ठपराने मादीला कवेत धरून ठेवतो. मादीला धरण्यासाठी हे पर आधीपासून वापरात असेल, तर त्याचंच पुढे मैथुनांग होणं मला फार दूरचं वाटत नाही.