छापील विमान वेळापत्रक

विमान कंपन्या प्रवाशांना फुकट वाटत त्या घडीपत्रकांना किंवा खिशात मावणाऱ्या पुस्तिकांना हे नाव आहे. सगळ्या कंपन्यांची उड्डाणे एकत्र देणारे जाडजूड ग्रंथ वेगळे: अमेरिकेतले ओएजी (१९२९ पासून) आणि ब्रिटनमधले एबीसी (१९४६ पासून). ते वर्गणीने येत आणि ट्रॅव्हल एजंटाच्या टेबलावरच राहत. वेळापत्रकाचे मोसम दोन. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतो, हिवाळी ऑक्टोबरच्या. मोसम संपला की कागद रद्दीत.

लोकलचे वेळापत्रक पाठ असलेला ठाणेकरही इथे चकतो. लोकलची अप आणि डाउनची पाने वेगळी असतात. जुन्या विमान वेळापत्रकांत मात्र शहरांची नावे मधोमध, जाण्याच्या वेळा डावीकडे वरून खाली आणि परतीच्या उजवीकडे खालून वर वाचायच्या. उजवी बाजूही वरून वाचली तर विमान उडण्याआधीच उतरते! वार आकड्यांत असतात: १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. १३५ हा उड्डाण क्रमांक नव्हे, तर सोम-बुध-शुक्र. सर्व वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक. मुंबईहून पहाटे २.३० ला निघून हिवाळ्यात लंडनला सकाळी ७ ला पोचणारे विमान साडेचार तासांचे नसते. घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक मिळवला की दहा तास होतात. वेळेपुढे +१ असेल तर पोचणे दुसऱ्या दिवशी.

मुखपृष्ठ फाटलेल्या प्रतीचा काळ आतल्या मजकुरावरून काढता येतो. एअर इंडियाच्या रकान्यात बोइंग ७४७ दिसले तर प्रत १९७१ च्या आधीची नाही. इंडियन एअरलाइन्सकडे (संकेत आयसी) एअरबस ए३०० आले १९७६ मध्ये, ए३२० आले १९८९ मध्ये. ‘बॉम्बे’ छापले असेल तर प्रत बहुधा १९९५ पूर्वीची. नुसत्या बीओएम या विमानतळाच्या संकेतावरून मात्र काळ ठरत नाही, तो नामांतरानंतरही बदलला नाही. नवी मुंबईचा एनएमआय या जुन्या कागदांत शोधू नये, तिथली प्रवासी उड्डाणे डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.

जमवणाऱ्यांना या कागदाची ओढ वेळांसाठी नाही. ॲप विचारले तेवढेच सांगते; पुस्तिकेत आपण न विचारलेली गावेही दिसतात, आणि कंपनीचा सगळा पसारा दोन पानांत नजरेखाली येतो.

जपून ठेवलेल्या पुस्तिकेत ठाण्याच्या पावसाळ्यात पहिली खराब होते ती पिन. ती गंजते आणि मधल्या पानांना तपकिरी भोके पाडते. त्यामुळे पातळ, बोथट पात्याने पिना आधी उचकटाव्यात. घडीपत्रक उलगडून सपाट ठेवावे, कारण कागद घडीवरच तुटतो. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. पीव्हीसीला शाई चिकटते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन नकोच. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, ओल तिथूनच येते, आणि ओलीमागोमाग कसर. सिलिका जेलच्या पुड्या ओलावा शोषून भरल्या की बदलाव्यात.