काऊ कोकताहे : विराणीतल्या कावळ्याची पूर्वपीठिका

अंगणात कावळा ओरडू लागला की पाहुणा येणार, हा समज महाराष्ट्रात आजही ऐकू येतो. ज्ञानेश्वरांच्या (१२७५–१२९६) ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या विराणीतला, म्हणजे विरहगीतातला, कावळा याच समजातून आलेला आहे. मात्र वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या कवितेत तो त्याआधी हजारएक वर्षे ओरडत होता.

व्यापारासाठी किंवा लढाईसाठी घराबाहेर पडलेला पुरुष पावसाने वाटा बंद होण्याआधी परतेल, एवढ्याच भरवशावर घर चालत असे. परतण्याचा दिवस ठरवून तो निघे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत या मुदतीची मोजदाद भिंतीवर दिसते. ‘आज गेला, आज गेला’ म्हणत एक विरहिणी पहिल्याच दिवशी, दुपार होण्याआधीच सगळी भिंत रेघांनी भरून टाकते. दुसऱ्या एका गाथेत ठरलेला दिवस उगवेल आणि तो येणार नाही, या धास्तीने मैत्रिणी तिच्या नकळत दोन-तीन रेघा पुसतात. दोन ओळींच्या गाथेत एवढे सगळे मावले आहे, याचे नवल वाटते.

कावळा भेटतो तो साधारण त्याच काळाच्या आसपास, ‘संगम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन तमिळ काव्यात. ‘कुरुंतोगै’ या संग्रहातील २१० वे पद एका कवयित्रीचे आहे, आणि त्या पदामुळे तिच्या नावामागे ‘काक्कै पाडिनियार’, म्हणजे कावळ्याचे गाणे गाणारी, ही उपाधी कायमची लागली. नायक परतल्यावर ‘तू हिला छान सांभाळलेस’ असे तो नायिकेच्या सखीला म्हणतो; ती ते श्रेय कावळ्याला देते. पाहुणा येईल असे ओरडून सांगणाऱ्या त्या पक्ष्याला तोंडी नावाच्या गावच्या तांदळाचा गरम भात, भरपूर तूप घालून, सात भांडी भरून बळी म्हणून वाढला तरी तो थोडाच, असे तिचे म्हणणे आहे.

गुजरातेत बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंशाचे, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेचे, उदाहरण म्हणून एक दोहा नोंदवला. कावळा उडवत असतानाच विरहिणीला अचानक प्रियकर दिसतो : ‘अद्धा वलया महिहि गय, अद्धा फुट्ट तडत्ति’. विरहाने हात वाळल्यामुळे अर्ध्या बांगड्या गळून जमिनीवर पडल्या, आणि तो दिसताच हात आनंदाने भरून आल्यामुळे उरलेल्या तडकन फुटल्या. ‘तडत्ति’ समजायला मराठी वाचकाला कोश उघडावा लागत नाही.

ज्ञानेश्वरांनी संकेत तोच ठेवला, पण पाहुणा बदलला. येणारा आता ‘पंढरीरावो’ आहे. त्याहून महत्त्वाचा फरक मला देण्याघेण्यात दिसतो. तमिळ सखी काम झाल्यावर कावळ्याचे देणे फेडायला निघते. इथली विरहिणी मात्र आधीच आमिषे दाखवते. सोन्याने पाय मढवीन, दहिभाताची उंडी तोंडी लावीन, दुधाची वाटी ओठी लावीन, आणि मग एकदम काकुळतीने : ‘सत्य सांगे गोठी विठो येईल कायी’. आमिषांची सगळी क्रियापदे भविष्यकाळातली आहेत. शेवटच्या चरणातही विठ्ठल दारात येत नाही. तो भेटेल, एवढा शकुनच काय तो सांगितला जातो.