ज्वालामुखीचा स्फोट एकच, मग सिस्मोमीटरवर दोन धक्के का?

गावाकडे विहिरीला सुरुंग लावलेला ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे पटकन कळेल. विहीर किलोमीटरभर लांब असली की आधी पायाखालची जमीन हलते, मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि साधारण 3 सेकंदांनी धडाम आवाज येऊन खिडकीच्या काचा थरथरतात. सुरुंग एकच उडाला, पण आपल्यापर्यंत दोन वाटांनी आला, एक जमिनीतून, एक हवेतून.

ज्वालामुखीचंही तसंच आहे आणि घोळ इथेच होतो. इटलीतला स्ट्रॉम्बोली घ्या, तिथे थोड्या थोड्या मिनिटांनी छोटे स्फोट होतच असतात. जवळच्या सिस्मोमीटरची (म्हणजे जमिनीची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राची) रेघ बघितली तर आधी हळूहळू फुगणारी हेलकावणारी लाट दिसते आणि काही सेकंदांनी एकदम टोकदार, दाट रेघांचा धक्का येतो. नवखा माणूस म्हणणार दोन स्फोट झाले. पण ती दुसरी हवेची लाट असते, हवेचा दाब जमिनीवर आदळला की जमीन पण हलते आणि सिस्मोमीटर तेही नोंदवतो.

वेगळं कसं ओळखायचं? वेगावरून. जमिनीतली लाट सेकंदाला किलोमीटरच्या हिशोबात पळते, हवेतली सेकंदाला साधारण 340 मीटर. म्हणजे डोंगरावर एका रेषेत 3 किमी अंतराने दोन सिस्मोमीटर ठेवले तर जमिनीतली लाट पहिल्यावरून दुसऱ्यावर एक-दोन सेकंदात पोचते, हवेतली जवळजवळ 9 सेकंद घेते, एवढा फरक कुणालाही साध्या डोळ्यांनी दिसतो. शिवाय शेजारी इन्फ्रासाउंडचा मायक्रोफोन असेल (आपल्या कानाला न ऐकू येणारा, 20 हर्ट्झच्या खालचा आवाज टिपणारा) तर त्यावरही तो धक्का त्याच क्षणी दिसतो, मग शंकाच उरत नाही.

आता मला खरंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही लाटा वेगवेगळी गोष्ट सांगतात. जमिनीतली लाट सांगते ज्वालामुखीच्या आतल्या नळीत वायू आणि मॅग्मा (वितळलेला खडक) किती जोरात हलले. हवेतली सांगते की तोंड फुटलं आणि वायू बाहेर आला. नळी घट्ट बुजलेली असेल, स्फोट खोलवर झाला असेल तर ताकद जमिनीत जिरते आणि हवेत फारसं काही जात नाही, आणि अंटार्क्टिकातल्या एरेबससारखं उघडं लाव्हाचं तळं असेल तर बुडबुडा वरच फुटतो आणि बराच जोर हवेत जातो. म्हणून नुसती सिस्मोमीटरची रेघ बघून स्फोट केवढा होता हे ठरवू नका, प्लीज.

15 जानेवारी 2022 चा, प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाजवळच्या हुंगा ज्वालामुखीचा स्फोट आठवा. भूकंपाच्या मापात तो 5.8 भरला, आणि 5 ते 5.9 चे भूकंप तर जगात वर्षाला हजाराहून जास्त होतात. पण त्याच स्फोटाची राख 50 किमीच्या वर गेली आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला अनेक फेऱ्या मारून आली, जगभरातल्या बॅरोमीटरवर दिसली!

अलास्कातल्या बोगोस्लॉफ बेटावर तर 2016-17 मध्ये स्फोटांमागून स्फोट होत होते आणि बेटावर एकही सिस्मोमीटर नव्हता. वरून विमानांचा मार्ग जातो, त्यामुळे राखेची खबर लगेच हवी. तेव्हा शेजारच्या बेटांवरचे सिस्मोमीटर, लांबचे इन्फ्रासाउंड मायक्रोफोन, सॅटेलाइट आणि राखेच्या ढगातल्या विजांच्या नोंदी हे सगळं एकत्र जुळवून इशारे दिले गेले.