मांगा पुरा होण्याआधीच: ॲनिमेचा वेग आणि बदललेले खलनायक

५ एप्रिल २००९ हा रविवार होता. त्या दिवशी जपानी टीव्हीवर दोन मालिका सुरू झाल्या, सकाळी ‘ड्रॅगन बॉल काई’ आणि संध्याकाळी ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’. दोन्ही कथा ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, एकदा येऊन गेलेल्या, दोन्ही तुफान गाजलेल्या. तरी त्या पुन्हा करायला घेतल्या. पहिलीत इतकं पाणी घातलं गेलं होतं की ते काढून टाकायचं होतं. दुसरीचं पहिलं रूप आलं तेव्हा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) अर्धासुद्धा झाला नव्हता, त्यामुळे शेवट आणि खलनायक दोन्ही वेगळे रचावे लागले होते. वरवर हे दोन निराळे प्रश्न दिसतात, पण दुखणं एकच आहे आणि ते टीव्हीवरच्या ॲनिमेइतकंच जुनं आहे.

ॲनिमेत खलनायक बदलला की चाहते दिग्दर्शकाला धरतात. ‘मांगात असं नव्हतं’ हे वाक्य तर ठरलेलंच. पण मागे जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा आधी वेळेचं गणित फसलेलं असतं आणि त्याच्यामागून खलनायक बदललेला असतो.

हे गणित साधं आहे. ‘शोनेन जंप’सारख्या साप्ताहिकात मांगाचं एक प्रकरण साधारण १९-२० पानांचं असतं. ॲनिमेच्या भागातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वजा केलं तर वीसेक मिनिटं हाती उरतात. आरामात सांगायचं म्हटलं तरी तेवढ्यात दीड-दोन प्रकरणं संपतात. म्हणजे दर आठवड्याला ॲनिमे मांगापेक्षा जास्त मजकूर खातो. मांगाकार मध्येच आजारी पडतो, सुट्टी घेतो; टीव्हीची वेळ मात्र रिकामी ठेवता येत नाही. मूळ कथा मासिकात येत असेल तर अवस्था आणखी बिकट, कारण वर्षाला बारा प्रकरणं आणि भाग पन्नासेक.

ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमू’, म्हणजे जगाला माहीत असलेला ॲस्ट्रो बॉय, १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर आली तेव्हाच हे समोर आलं. त्यांच्या स्वतःच्या मुशी प्रॉडक्शनने चार वर्षांत १९३ भाग केले. मांगा १९५२ पासून चालू होता, म्हणजे साठा दहा वर्षांचा, तरी तो पुरला नाही. पुढे लेखकांनी टीव्हीसाठी नव्या कथा लिहिल्या. प्रत्येक भागात स्वतंत्र गोष्ट असल्यामुळे नवा दुष्ट यंत्रमानव आणला काय नि नवा वेडा शास्त्रज्ञ आणला काय, मूळ कथेला धक्का लागत नव्हता. अडचण झाली ती मांगा सलग, लांब कथा सांगू लागला तेव्हा.

गो नागाई यांच्या ‘डेव्हिलमॅन’चं उदाहरण इथे फार बोलकं आहे. मांगा आणि तोएई स्टुडिओची टीव्ही मालिका १९७२ मध्ये महिन्याभराच्या अंतराने सुरू झाल्या. नागाईंच्या मांगात नायक अकिराचा जिवलग मित्र र्‍यो असुका हाच शेवटी सैतान निघतो आणि माणसांचं जग संपतं. टीव्ही मालिकेत र्‍यो असुका नाहीच! तिथे दर आठवड्याला एक नवा राक्षस येतो, डेव्हिलमॅन त्याला हरवतो, आणि असे ३९ भाग होतात. मैत्रीतून आलेला विश्वासघात उभा करायला मित्र आधी दीर्घकाळ सोबत असावा लागतो. दर आठवड्याला निकाल लावणाऱ्या मालिकेत त्याला जागा नव्हती. मांगाचा तो शेवट पूर्णपणे पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं, मासाआकी युआसा यांच्या दहा भागांच्या मालिकेत.

पण वेळ जास्त असल्यामुळे खलनायकाचं भलं झालं, असंही घडलं आहे. नाओको ताकेउची यांचा ‘सेलर मून’ मासिकात येत होता आणि मार्च १९९२ पासून ॲनिमे दर आठवड्याला. पहिल्याच पर्वाचे ४६ भाग करायचे होते. मांगात खलनायिका राणी बेरिलचे चार सरदार काही प्रकरणांतच एकामागून एक मारले जातात. त्यांना स्वभाव असा मिळतच नाही. ॲनिमेला त्यांच्यासोबत आठवडेच्या आठवडे काढायचे होते. मग नेफ्राइट श्रीमंत उद्योगपतीच्या वेषात वावरू लागला, नायिकेची मैत्रीण नारू त्याच्या प्रेमात पडली, तिला वापरून घेता घेता तो स्वतःच गुंतला आणि २४ व्या भागात तिला वाचवताना मेला. त्याआधी ती त्याला विचारते, आपण कधीतरी चॉकलेट पार्फे खायला जाऊ या का? पहिल्या पर्वातला तो प्रसंग मला बेरिलच्या शेवटापेक्षाही मोठा वाटतो, आणि तो मांगात नाही. याची किंमतही मोजावी लागली. मांगात हे चौघे पूर्वजन्मी राजपुत्र एंडिमियनचे रक्षक असतात. ॲनिमेने तो धागा सोडून दिला.

आता ‘ड्रॅगन बॉल झी’. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ही मालिका पाहत मोठी झालेली पिढी आहे, त्यामुळे नामेक ग्रहावरची ‘पाच मिनिटं’ वेगळी सांगायला नको. खलनायक फ्रीझा म्हणतो की पाच मिनिटांत या ग्रहाचा स्फोट होणार, आणि पुढे सुमारे दहा भाग लढाई चालू राहते. मांगात हे एवढं खटकत नाही. पानावर घड्याळ वाचकाच्या हातात असतं; एका चौकटीत नायक गोकूची मूठ, पुढच्या चौकटीत फ्रीझाचा चेहरा, मध्ये किती सेकंद गेले हे कुणी मोजत नाही. पडद्यावर तीच मूठ उचलली जाते, मग क्रिलिनचा चेहरा, मग गोहानचा, मग पृथ्वीवर कुणीतरी दचकतं, मग पुन्हा मूठ. अकिरा तोरियामा यांचा मांगा तेव्हा दर आठवड्याला नुकताच काढून होत होता आणि तोएई अगदी त्याच्या पाठीवर होती. ताणण्यावाचून इलाज नव्हता. ताणल्यामुळे फ्रीझाही बदलला. मांगातला फ्रीझा झपाट्याने एकेक रूप टाकतो नि भीती वाढवत नेतो. ॲनिमेतला बराच वेळ उभा राहून बोलतो. काहींना तो त्यामुळेच जास्त क्रूर वाटतो. माझ्या मते त्याची धार कमी झाली.

नामेक संपल्यावर तर मजकूरच उरला नाही, म्हणून गार्लिक ज्युनियरला परत आणलं. हा १९८९ च्या पहिल्या ‘झी’ चित्रपटातला खलनायक. मांगात त्याचा पत्ता नाही. त्याच्यावर दहा भाग झाले. फिलरमधल्या, म्हणजे मांगात नसलेल्या, जागा भरायला केलेल्या भागांमधल्या खलनायकाची अडचण इथे स्वच्छ दिसते. त्याला पृथ्वी धोक्यात आणायची मुभा आहे, पण कुणाला कायमचं मारायची नाही, नायकाला काही नवं शिकवायची नाही, पुढच्या कथेवर ओरखडासुद्धा उठवायची नाही. त्यातून गोकू अवकाशात, म्हणजे मुख्य नायकही गैरहजर. असा खलनायक कितीही अमर असला तरी तो कुणाच्या लक्षात राहणार? त्यापेक्षा गोकू आणि पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो १२५ वा भाग प्रेक्षकांनी प्रेमाने जपला, कारण तो खोटा धोका उभा करत नाही.

घाईत खलनायक बदलणं हे मांगातही होतं, हेही सांगायला हवं. तोरियामांचे पूर्वीचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांना पुढचे खलनायक, अँड्रॉइड १९ आणि २०, पसंत पडले नाहीत, त्यांना ते एक म्हातारा आणि एक जाड्या एवढेच वाटले. म्हणून १७ आणि १८ आले; ती पोरंटोरं वाटली म्हणून सेल आला. मूळ कृती म्हणून आपण ज्याला पवित्र मानतो, तीही दर आठवड्याच्या दबावाखालीच घडलेली असते.

२००९ च्या ‘काई’ने ‘झी’चे सेलपर्यंतचे १९४ भाग कापून जवळपास निम्म्यावर आणले. गार्लिक ज्युनियर गेला, गाडीचा भागही गेला.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’वर मात्र थांबायला हवं. हिरोमू आराकावा यांचा मांगा २००१ च्या उन्हाळ्यात मासिकात सुरू झाला. ऑक्टोबर २००३ मध्ये बोन्स स्टुडिओची मालिका आली, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि मुख्य लेखक शो आइकावा. ५१ भाग एका वर्षात संपवायचे आणि मांगा दोन वर्षांचा. शेवट आपला आपण करायचा हे उघडच होतं आणि आराकावांची त्याला संमती होती.

आइकावांनी खलनायकांची व्याख्याच बदलली. मांगातले सात होमुनक्युलस, म्हणजे कृत्रिम माणसं, हे मुख्य खलनायक ‘फादर’ने स्वतःतून बाहेर टाकलेले सात दोष आहेत. २००३ च्या ॲनिमेत मेलेल्या माणसाला परत आणायचा प्रयत्न फसला की होमुनक्युलस जन्मतो. म्हणजे प्रत्येक खलनायक कुणाच्या तरी शोकातून निर्माण झालेला. स्लॉथ मांगात राक्षसी आकाराचा आळशी दैत्य आहे. इथे ती नायक एड आणि अल या भावांच्याच आईचा चेहरा घेऊन येते, कारण त्या दोघांनीच तिला घडवलेलं असतं. रॅथ मांगात खुद्द राष्ट्रप्रमुख ब्रॅडली; इथे एक लहान मुलगा, ज्याच्या अंगावर एडचाच हरवलेला हात आणि पाय आहे. लस्टला मांगात सैन्यातला मस्टँग लवकरच जाळून टाकतो. इथे ती माणूस व्हायची आस धरून जवळपास शेवटापर्यंत पोचते. आणि सगळ्यांच्या मागे देश गिळायला निघालेला फादर नाही, तर शरीरं बदलत शतकानुशतकं जगणारी दांते आहे, भावांच्या वडिलांची जुनी प्रेयसी.

हे नुसतं जागा भरणं नव्हतं. वेळ कमी होता म्हणून लेखकांनी कट लहान केला आणि तो घरात आणला. फादरची योजना उभी करायला अख्ख्या देशाचा इतिहास, इश्बालचं युद्ध, सीमेवरच्या लढाया असं सगळं एका वर्तुळात बसवावं लागतं. आराकावांना त्यासाठी १०८ प्रकरणं लागली. दांतेला एक कुटुंब पुरतं. ‘मांगाशी प्रामाणिक म्हणजे चांगलं’ असं मानणाऱ्यांनी २००३ चा स्लॉथचा मृत्यू पुन्हा एकदा पाहावा. शेवटी शेवटी मालिका कोसळते, दांतेचं तत्त्वज्ञान घाईत उरकतं, हे खरं. पण आपल्याच हातून घडलेल्या खलनायकाला आपल्याच हाताने मारावं लागणं, ही या कथेच्या मुळाशी जाणारी कल्पना होती.

‘ब्रदरहूड’कडे वेळ होता आणि मांगाही. मांगाचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये आलं, ॲनिमे ४ जुलैला संपला. इतकं जुळलेलं वेळापत्रक क्वचितच पाहायला मिळतं. फादर, ब्रॅडलीचा मुलगा सेलिम, राजधानीतला तो अखेरचा दिवस, हे सगळं ६४ भागांत भव्य झालं. पण सुरुवातीला घाई झाली. प्रेक्षकांना हे माहीतच आहे असं धरून चालल्यामुळे चिमुकल्या नीना टकरची गोष्ट, जी २००३ मध्ये सहाव्या-सातव्या भागात रुजत जाते, ती इथे चौथ्या भागात एका दमात संपते. मस्टँगचा मित्र ह्यूजेस याचा मृत्यू जुन्या मालिकेत २५ व्या भागात, नव्यात दहाव्या. त्याच्या मुलीचे फोटो दाखवण्याचा कंटाळा आपल्याला यायला हवा असतो, म्हणजे तो गेल्यावर ते फोटो बोचतात. त्याला मारणारा होमुनक्युलस एन्व्ही दोन्हीकडे तितकाच निर्दयी आहे, पण जुन्या मालिकेत त्याचा राग जास्त येतो.

‘नारुतो’ने सुमारे ८५ भाग सलग फिलरमध्ये घालवले, फेब्रुवारी २००७ पर्यंत. त्यानंतरच्या काळात मात्र वर्षभर अखंड चालणाऱ्या मालिका कमी होत गेल्या आणि १२-१३ किंवा २४-२५ भागांचे सीझन, मध्ये वाट पाहणं, ही पद्धत रुळली. फिलर जवळपास संपलं. खलनायक त्यामुळे सुरक्षित झाले असं मात्र नाही, उलटी कात्रीही चालली. २०२१ मध्ये ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा दुसरा सीझन ११ भागांत उरकला. त्यात गोल्डी पाँडचा अख्खा कथाभाग गेला, त्याच्यासोबत शिकारीचा आनंद घेणारा राक्षस ल्युविस गेला, आणि शेवट तर चित्रांच्या मालिकेसारखा भराभर सरकवला. मांगा तेव्हा पूर्ण झालेला होता. म्हणजे साप्ताहिक दबावाची सबबही नव्हती. पहिल्या सीझनने अनाथाश्रम चालवणाऱ्या इसाबेलाला जो संथ, श्वास रोखायला लावणारा वेळ दिला होता, तो पाहिलेल्या प्रत्येकाला हे लागलं.

मजकूर न बदलता फक्त वेळ देऊन खलनायक मोठा करता येतो, हे युफोटेबल स्टुडिओने ‘डेमन स्लेयर’मध्ये दाखवलं. २०२४ च्या हाशिरा प्रशिक्षणाच्या पर्वात राक्षसांचा राजा मुझान हा राक्षस मारणाऱ्या दलाचे प्रमुख उबुयाशिकी यांच्या घराकडे चालत येतो. मांगात या चालण्याला मोजक्या चौकटी आहेत. पडद्यावर तो येतच राहतो, आणि कथेत एक अक्षर न वाढवता तो आधीपेक्षा भयंकर होतो. फ्रीझाच्या वेळी ताणणं ही मजबुरी होती. इथे ती निवड आहे.

‘वन पीस’ची वाटचाल अजून चालू आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲनिमे सुरू झाला तेव्हा मांगा दोन वर्षं पुढे होता, त्यामुळे ईस्ट ब्लू या सुरुवातीच्या पर्वाची पहिली १०० प्रकरणं पन्नासेक भागांत बसली. खलनायक अर्लाँगचा माज आणि नामीचं रडणं दोन्हींना योग्य वेळ मिळाला. पुढे एका भागात एक प्रकरणही संपेना. २०२४ मध्ये तोएईने फिशमन आयलंडचं पर्व कापून २१ भागांत पुन्हा दाखवलं आणि २०२५ च्या अखेरीस जाहीर केलं की २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग येतील. दरम्यान डिसेंबर २०२३ मध्ये विट स्टुडिओने ‘द वन पीस’ नावाने सगळं पहिल्यापासून, ईस्ट ब्लूपासून करायची घोषणा केली आहे. सुरुवातीचा वेग तेव्हा चांगलाच जमला होता, त्यामुळे नव्या मालिकेची पहिली तुलना जुन्या अर्लाँगशीच होणार.