अमूर्त चित्रकला, गोमंतकीय

ओळखीच्या वस्तूचा, माणसाचा किंवा दृश्याचा आधार न घेता केवळ रंग, पोत, अवकाश आणि हाताची हालचाल यांवर उभे राहते ते अमूर्त चित्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात या चित्रप्रकाराला जे रूप आले, त्यात मूळ गोव्याच्या चित्रकारांचा वाटा मोठा आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आणि प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४) ही त्यांतली ठळक नावे. त्यांची कारकीर्द मात्र गोव्यात घडली नाही.

पोर्तुगीज अमदानीत चित्रकला शिकायची तर मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठावे लागे. सांग्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) याच वाटेने गेले आणि व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा जे. जे.त होते, १९४५ मध्ये त्यांना तिथून काढून टाकण्यात आले आणि १९४७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट स्थापन केला. ते १९४९ मध्ये लंडनला गेले आणि गायतोंडे १९५० मध्ये ग्रुपमध्ये आले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोमंतकीयांची अशी चुकामूक झाली. स्वभावानेही ते दोन टोकांचे. सोझांची रेषा चवताळलेली, पण ती माणसाच्या आकृतीला धरून राहिली. गायतोंड्यांनी आकृती सोडली आणि हाताचा आवेगही आवरला.

हा आवर समजून घेण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अमूर्ताच्या दोन वाटा ठळक झाल्या. एकीत जॅक्सन पोलॉकसारखा चित्रकार रंग ओतून, शिंपडून शरीराची हालचालच कॅनव्हासवर उमटवतो. दुसरीत मार्क रॉथकोसारखा चित्रकार रंगाची विस्तीर्ण क्षेत्रे मांडतो. गायतोंडे दुसरीच्या जवळचे, पण पूर्णपणे तिचेही नव्हेत. त्यांचे कुटुंब मूळ गोव्याचे, जन्म नागपूरचा, वाढ गिरगावच्या चाळीतली. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतल्यावर त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांचे रंग आणि युरोपीय आधुनिक चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव दिसतो. पन्नासच्या दशकाअखेर आकार विरघळू लागले. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला, तर १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. झेन या जपानी बौद्ध पंथाच्या विचारांची ओढ त्याआधीच लागली होती. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे त्यांना पटत नसे. ते त्यांना अप्रतिरूप, म्हणजे कशाचेही प्रतिरूप नसलेली, म्हणत.

त्यांची कामाची रीत हा या नोंदीतला सर्वांत रसाळ भाग. ब्रशच्या फटकाऱ्याऐवजी ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) वापरत. रंगाचा थर द्यायचा, तो काहीसा वाळू द्यायचा, त्यावर दुसरा द्यायचा, मग नाइफने खरवडून किंवा कागदाने उचलून खालचा रंग मोकळा करायचा. फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलले की मागे राहणारे आकार लिपीसारखे भासतात, पण वाचता येत नाहीत. हालचाल इथेही आहेच, फक्त ती थरांच्या आत दडलेली असते. प्रत्यक्ष रंगवण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ जाई. साहजिकच वर्षाला मोजकीच चित्रे पुरी होत.

साठच्या दशकातल्या त्यांच्या आडव्या चित्रांत अनेकांना समुद्र दिसतो, आणि गोव्याचे मूळ आठवून तो मांडवीचा किंवा कळंगुटचा ठरवला जातो. निळ्या कॅनव्हासला गोव्याचे पाणी जोडण्याची ही सवय सोडायला हवी. त्यांचा स्टुडिओ त्या काळात मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये होता. समुद्रच शोधायचा तर तो तिथेही समोरच होता.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर १९७२ मध्ये ते दिल्लीला निजामुद्दीनला राहायला गेले. १९८४ मध्ये अपघात झाल्यावर मोठा कॅनव्हास काही काळ सुटला. त्या दिवसांत त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. त्यांत मात्र हात उघड दिसतो. मृत्यूनंतर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले. हयातीत साधेपणाने राहिलेल्या चित्रकाराची ओळख हल्ली लिलावाच्या आकड्यांनी करून दिली जाते, हे खटकते.

प्रफुल्ला डहाणूकर, पूर्वाश्रमीच्या जोशी, यांचा जन्म फोंडा तालुक्यातल्या बांदोड्याचा. जे. जे.मध्ये सुवर्णपदक मिळवल्यावर १९६१ मध्ये त्या फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी गायतोंड्यांच्या शेजारी काम केले, पण एकांत हा त्यांचा पिंड नव्हता. कॅनव्हासबरोबर भित्तिचित्रे आणि कलासंस्थांची धुरा असे सगळे त्यांनी सांभाळले. त्यांच्या चित्रांत रंग अधिक मोकळा वाहतो आणि क्षितिजाची चाहूल राहते.

गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर परिस्थिती बदलली. १९७२ मध्ये गोवा कला महाविद्यालय सुरू झाले. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) १९७७ ते १९८७ या काळात तिथे प्राचार्य होते. ते काटेकोर अर्थाने अमूर्तवादी नव्हेत, पण हिंदुस्थानी रागांवर त्यांनी केलेली चित्रमालिका रंग आणि लय यांच्या नात्याचा विचार करणाऱ्याला टाळता येत नाही.

गोव्यात राहून कॅनव्हासवर काम करणाऱ्याला हवेशीही झगडावे लागते. पावसाळ्याच्या दमट हवेत तैलरंगाचे थर सुकायला वेळ घेतात आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी चढते. थरावर थर देणाऱ्याला हे अधिकच जाचते. लवकर वाळणारा ॲक्रिलिक सोयीचा पडतो, पण ओला रंग उचलण्या-खरवडण्याला त्यात फार उसंत मिळत नाही.

पणजीत फोंताइन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत त्रिंदादांची चित्रे पाहता येतात. गायतोंडे पाहायचे असतील तर दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय गाठणे बरे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही त्यांची चित्रे आहेत.